प्लग लावण्याआधी रेडिओग्रामची पाठ मेकॅनिककडून उघडून घ्या

वाचकाचं पत्र :

देवरुखचं माहेरचं घर विकलं. सामान वाटताना बाबांचा रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर एकाच पेटीत, कुणालाच नको होता, म्हणून मीच टेम्पोत घालून पुण्याला आणला. लाकडी पेटी, वर झाकण, झाकणाखाली रेकॉर्ड वाजवणारा चेंजर, समोर डायल आणि स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा. निदान पंचवीस वर्षं बंद आहे. सोबत बाबांच्या रेकॉर्ड्सची पेटीही आहे, बहुतेक नाट्यगीतं, थोडं शास्त्रीय. रोज वाटतं, एकदा लावून बघावा. यजमान म्हणतात शॉक बसेल. मुलगा म्हणतो, आतलं सगळं काढून ब्लूटूथ बसवू, बाहेरून तसाच दिसेल. कोपऱ्यावरचा टीव्ही दुरुस्त करणाराही तेच म्हणतो. एका गृहस्थांनी तर रोख पैसे देऊन उचलून न्यायची तयारी दाखवली आहे. मुलाने बॅटरीच्या उजेडात व्हॉल्व्हवरचे, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांवरचे, नंबर वाचले : ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीसी ८३, ईएल ८४, ईझेड ८० आणि ईएम ८४. व्हॉल्व्हचा आवाज गोड असतो म्हणतात, ते खरं, की बाबांची आठवण येते म्हणून मला तसं वाटतं?
— एक वाचक, पुणे

ताई,

उत्तर लांबणार आहे, म्हणून घाईचं आधी सांगतो. लावून बघायचा मोह आवरा. इतकी वर्षं पडून असलेला व्हॉल्व्हचा सेट थेट भिंतीतल्या प्लगला लावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. फसवणूक अशी की तो बहुधा लगेच बिघडत नाही. डायल लगेच उजळते, व्हॉल्व्ह तांबूस दिसायला लागतात, अर्धा मिनिट गप्प राहतो, मग खरखर येते. घरातले खूश होतात, कुणीतरी फोनवर व्हिडिओ काढतं, आणि दहा-पंधरा मिनिटांनी जळका वास सुटतो.

का, ते समजून घ्या, म्हणजे मेकॅनिकशी बोलताना तो तुम्हाला गुंडाळणार नाही.

जुना सेट म्हटलं की लोकांना वाटतं व्हॉल्व्ह गेले असतील. व्हॉल्व्ह चिवट असतात. काचेच्या टोकाशी आतून आरशासारखा चंदेरी डाग दिसतो बघा. तो चंदेरी आहे तोवर आतली पोकळी शाबूत. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर कुठून तरी हवा आत शिरली आणि व्हॉल्व्ह गेला. एवढी तपासणी तुम्ही प्लग न लावता, मागच्या जाळीतून बॅटरी मारून करू शकता. फक्त काच ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका. वरचे नंबर नुसत्या हाताने घासले तरी निघून येतात, आणि नंबर गेला की कुठला व्हॉल्व्ह कुठला ते ओळखायला जाणकारालाही वेळ लागतो.

म्हातारे होतात ते कंडेन्सर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारे भाग. त्यातले दोन तुमच्या सेटच्या जिवावर उठू शकतात. एक म्हणजे ॲल्युमिनियमच्या डबीतला मोठा फिल्टर कंडेन्सर. त्याच्या आत ओलसर रसायन असतं आणि पत्र्यावर एक अतिशय पातळ थर असतो. सेट वापरात असला की तो थर टिकतो. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की विरत जातो, रसायनही वाळतं. मग एकदम विजेचा पूर्ण दाब, म्हणजे व्होल्टेज, आला की कंडेन्सर तापतो, कधी फुटतोही.

दुसरा दिसायला अगदीच किरकोळ, करंगळीच्या पेराएवढा. सिग्नल वाढवणाऱ्या ईसीसी ८३ मधून स्पीकर चालवणाऱ्या ईएल ८४ कडे गाणं पोचवणारा. त्याचं काम दुहेरी आहे : गाण्याचा सिग्नल पुढे जाऊ द्यायचा आणि ईसीसी ८३ च्या प्लेटवरचा शंभर व्होल्टच्या आसपासचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, दाब अडवायचा. जुन्या सेटांत हा बऱ्याचदा कागदाचा आणि मेणाचा असतो. कोकणातल्या पावसाळ्यांनी त्या कागदाचं काय केलं असेल ते तुम्हाला मी सांगायला नको. कागद दमट झाला की डीसी थोडा थोडा झिरपायला लागतो. तो ईएल ८४ च्या ग्रिडवर, म्हणजे करंटला लगाम घालणाऱ्या आतल्या जाळीवर, गेला की व्हॉल्व्ह बेलगाम करंट ओढतो, आतली राखाडी प्लेट लालबुंद होते, आणि त्याच वाटेवर असलेल्या, स्पीकरला आवाज पोचवणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसासारखी बारीक तार जळते. पाठोपाठ सेटला डीसी पुरवणारा ईझेड ८० ही जातो. कंडेन्सर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर आज सहजासहजी आयता मिळत नाही, गुंडाळून घ्यावा लागतो, आणि तसे गुंडाळणारे हात आता कमी उरलेत.

आता तुमच्या यजमानांची शॉकची भीती. मुलाने नंबर वाचून पाठवले हे फार बरं केलं, कारण उत्तर त्यातच आहे. ‘ई’पासून सुरू होणारे हे व्हॉल्व्ह ६.३ व्होल्टवर तापतात, आणि ईझेड ८० हा दोन प्लेटांचा रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा. ही जोडी दिसली की सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर असणार असं धरायला हरकत नाही, म्हणजे घरातली वीज आणि सेटची पत्र्याची चासी यांचा थेट संबंध नाही. मेकॅनिकने डोळ्यांनी खात्री करावीच.

नंबर ‘यू’ने सुरू होत असते, यूसीएच ८१, यूसीएल ८२, यूवाय ८५ असे काही, तर मी वेगळं पत्र लिहिलं असतं. एकेकाळी कोलकात्यासारख्या शहरांत घरोघरी डीसी वीज होती, आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारे एसी-डीसी सेट निघाले. त्यांत सगळ्या व्हॉल्व्हचे तापक एका माळेत ओवून सरळ मेन्सवर टाकलेले असतात आणि चासी विजेच्या एका तारेला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळा पत्रा जिवंत. बटणाच्या आतल्या बारीक स्क्रूला बोट लागलं तरी झटका. असे सेट आजही माळ्यांवर पडलेले आहेत आणि लोक हौसेने उघडून बसतात. हे वाचणाऱ्या कुणाकडे ‘यू’वाला सेट असेल, तर त्याने स्वतः काहीही करू नये.

तुमचा सेट त्यातला नसला, तरी आत अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी खेळतो आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सर तो काही काळ धरून ठेवू शकतो. तेव्हा आत हात घालायचं काम मेकॅनिकचंच. मुलाला यूट्यूब बघून उत्साह आला असेल, तर तो कागदावर आकृती काढण्यात खर्च होऊ दे.

मेकॅनिक कुठला? कोपऱ्यावरचा नको. त्याचा दोष नाही, त्याने व्हॉल्व्ह पाहिलेलेच नसतील आणि म्हणून तो सगळं काढून टाकू म्हणतोय. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करा. दुकानदार स्वतः करणार नाही, पण व्हॉल्व्हचं काम कोण करतं ते त्याला ठाऊक असतं. मुंबईत हीच चौकशी लॅमिंग्टन रोडवर करावी. माणूस बहुधा साठी-सत्तरीचा असेल, काम सावकाश करेल आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ असं चार वेळा सांगेल. सेट त्याच्याकडे महिना-दोन महिने राहील अशी मनाची तयारी ठेवा. घाई केलीत तर तोही घाई करेल.

त्याला जोखायला एकच प्रश्न पुरेसा आहे : पहिल्यांदा वीज कशी देणार? ‘सिरीज दिव्यावर’ असं उत्तर आलं तर माणूस कामाचा. म्हणजे सेटच्या वाटेत साठ किंवा शंभर वॉटचा जुना तारेचा बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंदावतो. एलईडी बल्बने हे होत नाही, आणि तारेचे बल्ब आता सहज मिळत नाहीत, तेव्हा ज्याच्या भिंतीवर असा बोर्ड अजून टांगलेला आहे तो हे काम रोज करणारा समजा.

कंडेन्सर बदलून झाले की त्याला मीटर लावून दाखवायला सांगा. ईएल ८४ च्या २ नंबरच्या पायावर, चासीच्या तुलनेत, शून्य व्होल्ट यायला हवेत. तिथे एखादा व्होल्टही अधिक दिसला तर डीसी अजून झिरपतोय. ३ नंबरच्या पायावर साधारण सात व्होल्ट दिसले की व्हॉल्व्ह बेताने काम करतोय. दोन मिनिटांचं काम आहे, आणि गिऱ्हाईक पायांचे नंबर विचारतंय म्हटल्यावर समोरचा जरा जपून वागतो, हा वरचा फायदा.

आणखी एक बारकाई. आवाजामागे घूं घूं येत असेल तर काही मेकॅनिक मूळच्यापेक्षा मोठा फिल्टर कंडेन्सर टाकतात. घूं घूं जाते, पण ईझेड ८० च्या लगेच पुढे ५० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त टाकलेलं त्या व्हॉल्व्हला झेपत नाही. रोज सेट लावताना कंडेन्सर भरायला जो लोंढा जातो, त्याने रेक्टिफायरचं आयुष्य घटतं. मूळ जेवढा होता तेवढाच टाकायला सांगा. मागच्या बाजूला किंवा ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज निवडायची पट्टी असेल, तीही बघा. आपल्याकडे रात्री दाब २४० च्या वर सहज जातो. पट्टी २०० किंवा २२० वर असेल तर सगळ्यात वरच्या आकड्यावर आणून घ्या. सुताची जुनी वायर आणि दोन पिनांचा प्लग काढून तीन पिनांची वायर, चासीला अर्थ आणि एक फ्यूज, एवढं बिनदिक्कत बदला. मूळपणाच्या हट्टापायी जीव धोक्यात घालण्यात शहाणपण नाही. काही हौशी लोक जुन्या कंडेन्सरचं कवच पोखरून त्यात नवा लपवतात. मला तो उद्योग पटत नाही. पेटीच्या आत कोण बघायला जातंय! काढलेले भाग मात्र पुडीत बांधून परत घ्या आणि पेटीतच ठेवा.

व्हॉल्व्ह बदलायची वेळ आलीच तर घाबरू नका. ईएल ८४ आणि ईसीसी ८३ अजून बनतात, स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये. गिटारवाल्यांच्या ॲम्प्लिफायरना ते लागतात, म्हणून ते कारखाने चालू आहेत. ईसीएच ८१ आणि ईबीएफ ८९ मात्र जुन्या साठ्यातलेच शोधावे लागतात. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून आपल्याकडे रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले होते. त्यांची न उघडलेली खोकी जुन्या दुकानांत अजून निघतात, आणि विलायती नावाच्या मागे लागून त्यांना नाकारण्यात अर्थ नाही. ईएम ८४, म्हणजे तो हिरवा डोळा, वापराने फिका पडतो. फिका असला तर असू दे, गाण्याला त्याने काही होत नाही.

आता रेकॉर्ड्स. खरं सांगायचं तर तुमच्या पेटीतलं सगळ्यात नाजूक प्रकरण हेच आहे.

चेंजर बहुधा फिरणार नाही, कारण आतलं ग्रीस घट्ट झालेलं असतं. जबरदस्तीने हाताने फिरवू नका. ते धुऊन काढून नवं तेल दिलं की मोटर सुटते. मोटरचा वेग तबकडीला पोचवणारं रबरी चाक मात्र कडक किंवा चपटं झालं असेल, तर गाणं हेलकावे खातं, आणि लांब सुरावर ते लगेच कानाला खुपतं. चाकाला नवं रबर चढवून मिळतं. सुईची डबी, म्हणजे पिकअप, ही खरी अडचण. त्या काळी अशा चेंजरवर बऱ्याचदा क्रिस्टलची डबी असायची आणि त्यातला रोशेल सॉल्टचा स्फटिक दमट हवेत अक्षरशः विरघळतो. कोकणात वर्षानुवर्षं राहिलेली डबी जिवंत सापडली तर नशीब. तिथे सिरॅमिकची बसवून घ्या. सिरॅमिकचा आउटपुट क्रिस्टलच्या जवळपास असतो, त्यामुळे बाकी काही बदलावं लागत नाही.

पिकअपला छोटी दांडी असेल, ती फिरवली की सुई बदलते. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांची खाच रुंद, एलपीची अगदी बारीक. एलपीच्या सुईने ७८ लावली तर सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. ७८ च्या सुईने एलपी लावली तर एलपी गेलीच म्हणून समजा. आणि हे मुलाला नीट सांगा : त्याने विकत आणलेली नवी स्टिरिओ एलपी या चेंजरवर लावायची नाही. जुनी मोनो डबी वजनाने बरंच दाबते आणि तिची सुई वर-खाली हलायला तयार नसते. स्टिरिओच्या खाचेत अर्धी माहिती वर-खालीच कोरलेली असते, ती ही सुई नांगरून काढते. बाबांच्या मोनो तबकड्या खुशाल लावा. त्यातही जी दुसरीकडे कुठेच मिळणार नाही, एखादी खासगी ध्वनिमुद्रणाची वगैरे, ती आधी हलक्या आधुनिक टर्नटेबलवर उतरवून घ्या.

रेडिओकडून फार अपेक्षा ठेवू नका. तुमच्या व्हॉल्व्हच्या यादीवरून सेट मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्हचा दिसतो, एफएम त्यात नाही. मीडियम वेव्हवर आकाशवाणी लागेल, पण घरातले एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर सगळे मिळून त्या पट्ट्यात गोंगाट करतात. ते बंद करून रात्री ऐका, फरक कळेल. गॅलरीत वीस-पंचवीस फूट तांब्याची तार टांगून एरियल केलीत तर आणखी सुधारेल. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात आभाळातल्या विजांची भीती, म्हणून सेट बंद असताना ती काढून ठेवायला विसरू नका.

मुलाचा ब्लूटूथचा आग्रह मला समजतो. त्याला जे हवंय ते आतलं काही न काढता मिळेल. चेंजरची वायर मागे ज्या दोन भोकांत जाते तिथे ‘पी.यू.’ किंवा ग्रामोफोनचं चित्र असेल. सेट दुरुस्त झाल्यावर तिथे बॅटरीवर चालणारा लहान ब्लूटूथ रिसीव्हर जोडता येतो. डावा आणि उजवा आवाज एकत्र करताना दोन्ही वाटांत एकेक किलोओहमचा रेझिस्टर घालायचा, थेट एकमेकांना जोडायचे नाहीत. मग त्याची गाणीही ईएल ८४ मधून, बाबांच्याच स्पीकरमधून येतील. आणि स्पीकरची वायर सोडून सेट कधी लावू नये हेही त्याला सांगा. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळून तो आतून फुटतो. ही सोय फक्त ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला. ‘यू’वाल्या सेटच्या त्या भोकांना फोनची वायर लावली तर फोनही जाईल आणि माणूसही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. आवाज खरंच वेगळा असतो, तो तुमचा भास नाही. ईएल ८४ एकटा फार तर चार-पाच वॉट देतो. त्याच्या मर्यादेच्या जवळ गेला की ट्रान्झिस्टरसारखा एकदम तुटत नाही, हळूहळू दबत जातो, आणि मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच सुराचा, थोडा अंश स्वतःहून मिसळतो. कानाला ते बिघाडासारखं न वाटता भरल्यासारखं वाटतं. त्यात मोठा कागदी स्पीकर, मागून उघडी लाकडी पेटी आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर, जो अगदी वरचे सूर थोडे गिळतो. जुन्या तबकडीची खरखर नेमकी तिथेच असते, त्यामुळे तीही बुजते. गायकाचा गळा आणि ऑर्गन यांचा मधला पट्टा पुढे येतो. नाट्यगीतांना हे फार मानवतं. तबल्याची चाट किंवा तंबोऱ्याची झणकार ऐकायची असेल तर मुलाचे हेडफोन सरस आहेत, हेही मान्य करायला हवं. व्हॉल्व्हच्या नावाने लाखांचे ॲम्प्लिफायर घेणारे लोक हे सहसा कबूल करत नाहीत. तुमच्याकडे फुकटात आहे, तेव्हा तुम्हाला वाद घालायची गरज नाही.

त्यात आठवणीचा वाटा किती, ते मी कुठल्या मीटरने मोजू? असला तर असू दे की.

ते उचलून न्यायला तयार असलेले गृहस्थ. घरात जागा नसेल आणि महिन्यातून एकदाही झाकण उघडणार नसाल, तर विकण्यात काही गैर नाही. पण बंद सेटची किंमत आणि चालू सेटची किंमत यांत बरंच अंतर असतं, आणि रोख घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला ते ठाऊक असतं. तो सेट घेऊन करणार काय, तेही विचारा. पेटीचा बार करायला आणि व्हॉल्व्ह सुटे विकायला नेणारेही आहेत. दुरुस्ती होईपर्यंत त्यांना थांबायला सांगा. खरे शौकीन असतील तर थांबतील.

मेकॅनिक मिळाला की त्याला सांगून चासीच्या खालच्या बाजूचा एक स्पष्ट फोटो, काहीही बदलण्याआधी, काढून घ्या आणि मला पाठवा. कुठले कंडेन्सर कागदाचे आहेत ते त्यावरून सांगता येईल, आणि उद्या दुसऱ्या कुणी सेट उघडला तर मूळ जोडणी काय होती तेही तुमच्याजवळ राहील.